कळंब कुठला?

आमच्या वन्सं इंदुबाई पेणच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं नोकरीला होत्या. कोणी विचारलं काय करता, तर सांगायच्या, "झाडपाल्याच्या खात्यात हाय." कागदावर त्यांचं पद प्रयोगशाळा परिचर. वनस्पतिशास्त्राच्या खोलीत काचेच्या बशा धुवायच्या, भिंगं पुसायची आणि मॅडम लोकांनी रानातून आणलेल्या डहाळ्या वर्तमानपत्रात दाबून, वाळवून जाड कागदावर सुईदोऱ्याने टाचायच्या. शिक्षण सातवी. पण मॅडम वर्गात शिकवत असताना त्या शेजारच्या खोलीत टाके घालत बसायच्या आणि मधलं दार कधी नीट लागलंच नाही. एकतीस वर्षं तोच अभ्यासक्रम ऐकल्यावर माणूस काय सातवी राहतो?

कॉलेजातला दाबायचा साचा कमी पडला की त्या डहाळ्या घरी आणायच्या आणि गाद्यांखाली घालायच्या. आमच्याकडे पाहुणा अंथरुणावर बसला की खालून कुरकुर आवाज येतो. पाहुणा दचकतो. आम्ही सांगतो, बसा, काही नाही, तेरडा आहे.

लग्न त्यांनी केलं नाही. एकदा एकजण बघायला आला होता. त्याने विचारलं, सैपाक येतो का. वन्संनी विचारलं, तुमच्या कुडावर कसला वेल चढलाय? त्याला सांगता आलं नाही. तो गेल्यावर वन्सं सासूबाईंना म्हणाल्या, "ज्याला दारातला वेल वळखता येत नाय, तो बायकोला काय वळखणार?" त्यानंतर कोणी बघायला आलं नाही, आणि त्यांना त्याचं काही वाटलंही नाही. मी ह्या घरात आले तेव्हापासून आम्ही दोघी एका चुलीवर आहोत. मी दिवा लावते, त्या तुळशीला पाणी घालतात, आणि घालताना तुळशीच्या पानाखाली काय किडा बसलाय तोही बघून घेतात.

जात म्हणजे काय ते मला त्यांनीच सांगितलं, वाल सोलताना. कडव्या वालांना मोड आले होते आणि आम्ही बिरड्यासाठी सोलत होतो.

"अनिता, जात म्हंजे काय, सांग."

मी गप्प राहिले. असल्या प्रश्नाला बाईमाणसाने गप्प राहावं.

"अगो, माणसांची नाय. माणसांची एकच हाय. कुणालाही कुणापासून पोरं व्हतात."

ओटीवरून आमचे हे म्हणाले, "आक्का, हे घरात बोललीस तेवढं पुरे. गावाला कासूला जाऊन बोलू नको."

"मी नाय बोलत, मॅडम बोलतात," वन्सं म्हणाल्या. "ज्यांची पोरं व्हतात आणि त्या पोरांनाही पोरं व्हतात, ती एक जात. घोडा आणि गाढवाचं खेचर व्हतं, पन खेचराचं पुढं काय व्हत नाय. म्हणून घोडा वेगळा, गाढव वेगळा. वरती चार जाती मिळून एक प्रजाती, आणि प्रजाती मिळून एक कुळ."

"आणि झाडांचं?"

"झाडांचं जरा चावट हाय. ती कुठंही जुळवून घेतात. त्यापायी मॅडम लोकांनी जातीच्या वीस-पंचवीस व्याख्या केल्यात, आणि सुरभी मॅडम म्हणतात एकही पुरी पडत नाय. पान बघायचं, फूल बघायचं, आता तर पानाच्या आतलं पण वाचतात. कोण कुणाचा सख्खा, कोण चुलत, कोण कधी वेगळं निघालं, सगळं त्यातून कळतं."

मी म्हटलं, आमच्या भावकीतल्या वाटण्या पण त्यातून कळल्या तर बरं.

आता मूळ गोष्ट. माझी मुलगी किमया धाटावला एका कंपनीत लॅबमध्ये आहे. तिथेच सुजय नावाचा मुलगा शिफ्टला असतो, रोह्याच्या पुढे कुंडलिका नदीच्या पल्याड त्यांचं गाव. दोघांनी एकमेकांना पसंत केलं, मग आम्हाला सांगितलं. आम्ही चौकशी केली. भातशेती, वालाची शेती, माणसं सरळ, आपल्यातलीच. बैठक ठरली. घरात सत्ता सुजयच्या आजोबांची, हैबतरावांची. वय ऐंशी, दात सगळे स्वतःचे. सगळं जुळत आलं. पोहे झाले, शेताच्या गोष्टी झाल्या, आणि बशी हातात असताना हैबतरावांनी सहज विचारलं, "तुमचं देवक कोणतं?"

हे म्हणाले, "कळंब."

हैबतरावांनी बशी खाली ठेवली. "आमचं पन कळंब."

देवक म्हणजे घराण्याची खूण. लग्नात त्या झाडाची डहाळी मांडवात पुजतात. ज्यांचं देवक एक, ती एका वंशाची, त्यांच्यात सोयरीक होत नाही. हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पण मुलं कंपनीत पसंत करतात तेव्हा देवक विचारत नाहीत आणि आम्ही पोह्यांच्या आधी विचारायला विसरलो.

"मंग ही दोघं भाऊबहीण लागली," हैबतराव म्हणाले. आवाज चढवला नाही. तसं बोलणाऱ्या माणसाचं मन वळवणं फार अवघड.

किमया घरी आली. रडली नाही. तिने भांडी घासली, आणि घासलेली भांडी खाली घेऊन परत घासली. सुजयचा फोन आला, रजिस्टर करून टाकू. ही म्हणाली, "आजोबांच्या पाया पडून व्हायचं असेल तर करीन. चोरून नाय करणार." चार दिवस हे असंच. मी देवीला नारळ बोलले. कोणत्या तोंडाने बोलले ते मला माहीत, कारण देवक पण तिच्याच दरबारातलं आणि पोरगी पण.

पाचव्या दिवशी वन्संनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "कळंब म्हंजे कुठला कळंब?"

हे वैतागले. "कळंब तो कळंब, आक्का. त्यात कुठला काय?"

"अरे जगन, लोक तीन झाडांना कळंब म्हणतात. एक खरा कळंब, बारीक पानांचा, त्याची गोंड्यासारखी फुलं बोराएवढी. एक कदंब, त्याचं पान ताटलीएवढं आणि फूल लाडवाएवढं. आणि एक हेदू, त्याचं पान पिंपळासारखं, बदामी. तिघांना फुलं गोलच येतात म्हणून लोक फसतात. त्यांचा कुठला ते बघितलं कुणी?"

कोणी बघितलं नव्हतं. लोक देवक नावानं विचारतात, पानाने नाही.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्या रोह्याच्या एसटीत बसल्या. हैबतरावांच्या घरी गेल्याच नाहीत. त्यांच्या देवळामागचं देवकाचं झाड बघितलं, गुरवाला विचारून एक डहाळी घेतली आणि संध्याकाळी घरी आल्या. डहाळीला ताटलीएवढी पानं आणि एक केशरी, गोल, केसाळ फूल. बुंदीच्या लाडवासारखं.

"कदंब," त्या म्हणाल्या, आणि इतक्या खुशीत की चप्पल काढायच्या राहिल्या. "आपला कळंब वेगळा. जात वेगळी, प्रजाती पन वेगळी. उद्या कासूला जाते, आपली डहाळी आणते, दोन्ही कागदावर शेजारी शेजारी टाचते. म्हाताऱ्याला बोलायला जागा ठेवत नाय."

किमयाने त्या दिवशी भांडी एकदाच घासली.

कासूचं झाड आमच्या जुन्या घराच्या मागे ओढ्यावर आहे. घरातल्या प्रत्येक लग्नाला वन्संच डहाळी आणतात, पोरवयापासून. त्या सकाळी गेल्या, दुपारी यायच्या त्या दिवे लागायला आल्या. घरात न येता पायरीवर बसल्या. मी पाणी नेलं. त्यांनी पिशवीतून डहाळी काढून माझ्या हातात दिली. पान बदामी होतं.

मला पण कळलं. वाल सोलता सोलता एवढं शिकले होते.

"हेदू हाय गो," त्या म्हणाल्या.

जुना कळंब, बारीक पानांचा, खरा, ओढ्याच्या काठाला होता, तो एका पावसात उन्मळून पडला. तेव्हा वन्सं सोळा वर्षांच्या. घरात चुलत भावाचं लग्न, आईने सांगितलं डहाळी आण. वन्संनी ओढ्यावर बघितलं, गोल फुलाचं दुसरं झाड दिसलं, आणली. कोणी काही बोललं नाही. तेव्हापासून तीच. पुढे कॉलेजात नोकरी लागली, हजारो पानं हाताखालून गेली, पण लग्नाची डहाळी तोडताना त्या पानाकडे बघितलं नाही.

"परक्याचं झाड असतं तर बघितलं असतं," त्या म्हणाल्या. "घरचा म्हणून बघितलाच नाय."

माझ्या डोक्यात भलताच विचार आला. "वन्सं, म्हणजे माझ्या लग्नात…"

"हेदू."

हे दारात उभे राहून ऐकत होते. "मंग मी मोकळा?"

"मोकळा कुठला," वन्सं म्हणाल्या. "बत्तीस वर्षं तिच्या हातचं जेवलायस."

मी रात्रीच्या दिव्याला जरा जास्त वेळ हात जोडून उभी राहिले, एवढंच. देवीने इतकी वर्षं चालवून घेतलं, आता मी नवीन काय बोलणार.

आता खरी अडचण ही की दाखवायला आमच्याकडे कासूचा कळंबच नव्हता, आणि कॉलेजच्या कपाटात खऱ्या कळंबाचा सुंदर कागद होता, वन्संच्याच टाक्यांचा. तो नेऊन दाखवला असता तर कोणाला काय कळणार होतं? ह्यांनी तसं सुचवलंही. वन्सं म्हणाल्या, "तो कळंब कर्जतच्या रानातला हाय, कासूचा नाय. त्याच्या कागदावर लिहिलंय तसं. जिथला हाय तिथलाच दाखवायचा. नायतर ह्या धंद्यात काय राहिलं?"

"आक्का, पोरीचं लग्न मोडेल."

"मोडलं तर खऱ्यानं मोडू दे."

किमयाने वन्संना पाणी आणून दिलं, पण पेला जरा जोरात ठेवला.

भाताची आवणी उरकल्यावर आम्ही चौघं रोह्याला गेलो. वन्संच्या मांडीवर पुठ्ठ्यात बांधलेले तीन कागद, आणि पिशवीत एक डबी. मी सगळी वाट जप करत होते. ओटीवर हैबतराव, त्यांची धाकटी बहीण शांतीबाई, सुजय आणि त्याची आई. पाहुणे पेणचे म्हणून त्यांनी खास कॉफी केली होती.

वन्संनी कागद मांडले. रोह्याचा कदंब, कर्जतचा कळंब, कासूचा हेदू. आणि आधी स्वतःची चूक सांगून टाकली. सोळाव्या वर्षापासूनची सगळी.

हैबतरावांनी शांतपणे ऐकलं. "म्हंजे तुमचं देवकच खोटं."

"देवक कळंबच. डहाळी चुकली."

"बरं. ही तीन झाडं वेगळी, असं म्हणताव?"

"वेगळी. तिघांच्या जाती वेगळ्या."

"आणि कुळ?"

वन्सं थांबल्या. मला वाटलं आता तरी गप्प बसाव्यात. "कुळ एक," त्या म्हणाल्या. "त्या कुळाला पुस्तकात कदंब कुळच म्हणतात."

हैबतराव हसले, आणि सगळे दात दिसले. "ऐका. लगनाला जात एक लागते आणि कुळ वेगळं लागतं. ह्यांच्या झाडांची जात वेगळी आणि कुळ एक. बाई, तुमी तर दोन्हीकडून मोडलंत."

सुजय म्हणाला, "आजोबा, झाडांची जात म्हणजे आपली जात नव्हे."

"तू गप. तुला देवक ठाऊक नव्हतं." मग वन्संना, "ही तिन्ही झाडं एका बापाची की नाय, ते सांगा."

"एकाच मूळपुरुषाची. पन कधीची? लाखो-कोटी वर्षांची गोष्ट."

"कधीची का असंना. भावकी ती भावकी."

आमच्या ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. किमयाचा हात पदराशी चाळा करत होता. वन्संनी समोरची कॉफी उचलली, एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "भावकी धरायची तर ही पन भावकीच."

"कोण?"

"कॉफी. तिचं झाड पन त्याच कुळातलं. कदंबाची लांबची चुलत बहीण."

हैबतरावांचा कप तोंडाशी होता. देवकाचं झाड तोडत नाहीत, जाळत नाहीत, खात नाहीत, हे त्यांच्या घरात लहान पोर पण जाणतं. त्यांनी कप हळूच खाली ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले.

"अर्धा प्यायलास, दादा," शांतीबाई म्हणाल्या.

"गप गो."

"रोज पितोस. आत तुझा वेगळा डबा हाय."

वन्सं म्हणाल्या, "आजोबा, तुमच्या भावकीत कुणी गेलं तर सुतक किती पिढ्यांपर्यंत धरता?"

"सात."

"आठव्याचं?"

"आठव्याचं नाय."

"का? तो पन एकाच मूळपुरुषाचा."

हैबतराव विचार करायला लागले. मी त्यांचं कपाळ बघत होते. शेवटी ते म्हणाले, "कुठंतरी रेघ मारावी लागते. नायतर माणूस वर्षभर सुतकातच बसंल."

"मॅडम लोकांचं पन तेच. मागं मागं गेलं तर कदंब, कॉफी, वाल, तुमी-आमी, सगळी एका मुळाची. कुठंतरी रेघ मारतात आणि हिकडची ही जात, तिकडची ती जात म्हणतात. रेघ कुळावर मारलीत तर कॉफी बंद. जातीवर मारलीत तर पोरांचं लगीन व्हतं. तुमी मोठे, तुमी मारा."

हैबतरावांनी तिन्ही कागद पुढे ओढून एकेक बघितला. मग म्हणाले, "मारली रेघ जातीवर. तुमचं जुनं झाड खरा कळंब व्हतं म्हणताव. आमचं कदंब हाय, हे मानलं. मंग सुटलं म्हणायचं."

मी मनात देवीचं नाव घेतलं. तेवढ्यात शांतीबाई म्हणाल्या, "पन दादा, हा कदंब तर तूच लावलास. नर्सरीतून आणून. जुनं झाड वाळलं तेव्हा."

हैबतरावांनी बहिणीकडे असं बघितलं की मला माझ्या नणंदेबद्दल देवाचे आभार मानावेसे वाटले.

म्हणजे त्यांची पण डहाळी चुकलेली असू शकत होती. जुनं झाड कुठलं होतं, हाच प्रश्न. ते खरा कळंब असेल तर आमचं जुनं झाड आणि त्यांचं जुनं झाड एकच, आणि वन्संच्या बोलण्यानेच लग्न मोडलं. आणि ते झाड बघितलेली दोनच माणसं आता जिवंत, ती ओटीवर बसलेली.

वन्संनी डबी उघडली. आत तिन्ही झाडांच्या वाळलेल्या फळांच्या तीन गोळ्या होत्या. दोन बारीक, बोराएवढ्या. एक मोठी, वाळून सुद्धा लिंबाएवढी. त्या कागदावर मांडून म्हणाल्या, "जुन्या झाडाखाली ह्यातली कुठली पडायची? नाव नको, आठवून हात लावा."

हैबतराव वाकले. बोटाने एक बारीक गोळी जरा लोटली. ती घरंगळली, त्यांनी ती थांबवली, आणि त्यांच्या तोंडावर काहीतरी आलं, पोरासारखं. "आमी ह्यांच्यानं गोट्या खेळायचो," ते म्हणाले.

बोट अजून बारीक गोळीवरच होतं. त्यांनी वर बघितलं. समोर किमया बसलेली. ती काही मागत नव्हती, हात जोडत नव्हती, फक्त बघत होती. सुजय दाराला टेकून खाली मान घालून.

हैबतरावांनी बोट उचललं आणि मोठ्या गोळीवर ठेवलं. "ही. ही पडायची."

"दादा," शांतीबाई म्हणाल्या, "एवढ्या मोठ्यानं कोन गोट्या खेळतं?"

"मी खेळायचो. माझा हात मोठा व्हता."

"मी पन खेळायची ना. मला तर…"

"तुला काय आठवतंय गो? तुला कालची भाजी आठवत नाय. सुजय, आत जाऊन साखर आन. आणि ही कॉफी घेऊन जा, चहा टाकायला सांग."

किमया उठून त्यांच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "कंपनीत असाल तिथं असाल, पन पोरांना देवक शिकवा. पान दाखवून."

मी त्यांच्या गावदेवीपुढे नारळ फोडला. आमच्या देवीला बोललेला होता, पण तिथवर थांबवेना. देवी काय, एकमेकींना सांगतात.

परतीच्या एसटीत वन्संनी वही काढली. ती कायम पिशवीत असते. मी शेजारून वाचलं. "जुने झाड : कदंब. ठिकाण : रोहे तालुका. सांगणार : हैबतराव, वय ऐंशी." पुढे एक रकाना असतो, पुरावा म्हणून. त्यात त्यांनी काही लिहिलं नाही.

ह्यांनी पुढच्या सीटवरून मागे वळून विचारलं, "आक्का, खरं बोलला का गो म्हातारा?"

वन्संनी पेनला टोपण लावलं. "पोरीच्या डोक्यावर ठेवला तेव्हा मी त्याचा हात बघितला," त्या म्हणाल्या. "बारीकच हाय."